सुट्टी झाली, पण सांगितलं कुणाला?

आमच्या मागच्या गल्लीतल्या आजी गेल्या श्रावणात जिल्ह्याच्या गावी आठ दिवस दवाखान्यात होत्या. वय ७८. हृदय कमजोर झालंय, फुप्फुसात पाणी धरलंय, असं निदान. नवव्या दिवशी सुट्टी मिळाली. गाडी दारात थांबली तशी सुनेने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि हाताला धरून आत नेलं. गल्लीतल्या चार बायका भेटायला गेल्या, त्यात मीही होते. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण खुशीत. "सुटले गं बाई एकदाची," म्हणाल्या.

सहाव्या रात्री दोन वाजता सून माझ्या दारात. "ताई, चला ना, आत्याबाई कशातरीच करतायत." जाऊन पाहते तर आजी पलंगावर ताठ बसून श्वास ओढतायत. आडवं होता येईना. पाय सुजून खांबासारखे झालेले. १०८ ला फोन केला. तेच जिल्ह्याचं गाव, तोच दवाखाना, तोच वॉर्ड. खाटेचा नंबर तेवढा बदलला.

सकाळी राऊंडला आलेले डॉक्टर सुनेवर चिडले. "मीठ कमी करायला सांगितलं होतं ना? पापड-लोणचं कुणी दिलं? लघवीची गोळी का बंद केली?" ती बिचारी पदराचं टोक पिळत उभी. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला म्हणाली, "ताई, पण मला कुणी सांगितलं होतं?"

या एका वाक्याने मला पुढे कितीतरी दिवस झोप लागू दिली नाही. कारण खरोखरच तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती घरी होती. घर सारवून-पुसून ठेवायचं होतं, मुलांची शाळा होती. दवाखान्यात होता मुलगा. तो बिचारा सकाळपासून कागदांच्या मागे धावत होता. या खिडकीवर सही, त्या खिडकीवर शिक्का, मेडिकलच्या दुकानापुढची रांग, मग गाडीवाल्याशी घासाघीस. त्या धावपळीत सिस्टरने त्याला उभ्या-उभ्या सात गोष्टी सांगितल्या असतील, त्यातल्या त्याने तीन ऐकल्या. घरी येऊन फाईल कपाटावर ठेवली आणि बायकोला सांगितलं, "गोळ्या वेळेवर दे आणि जेवण हलकं दे."

हलकं जेवण म्हणजे आपल्याकडे काय? मऊ खिचडी. ती आजींना जाईना. मग तोंडाला चव यावी म्हणून भाजलेला पापड आणि लिंबाच्या लोणच्याची फोड. सुनेने मायेनेच दिलं हो! आणि गोळीचं म्हणाल, तर ती आजींनीच बंद केली. संडास अंगणाच्या पार टोकाला, पावसाने निसरडं झालेलं. "रात्रीतून चारदा उठून तिथवर जायचं माझ्याच्याने होत नाही," म्हणाल्या. पायांवर सूज दिसली ती चौथ्या दिवशी, तर ती सलाईनची असेल असं सगळ्यांना वाटलं. म्हणजे पाहा, या घरात कुणीही हलगर्जीपणा केला नाही. सगळे आपापल्या परीने आजींना जपतच होते. आणि तरीही सहाव्या दिवशी त्या परत दवाखान्यात.

आपण धरून चालतो की सुट्टी झाली म्हणजे उपचार संपले. डॉक्टर सोडतात ते बरं झालं म्हणून नव्हे, घरी सांभाळता येईल इतपत सुधारलं म्हणून. वॉर्डात सिस्टर जे करत होती ते सगळं काम त्या दिवसापासून घरातल्या बाईकडे येतं. गोळ्या, ड्रेसिंग, पथ्य, लघवी किती झाली, ताप आला का, सूज चढली का. सिस्टरला त्यासाठी तीन-चार वर्षं शिक्षण घ्यावं लागतं. घरातल्या बाईच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत. कारण सूचना मिळतात बिल भरायला जो उभा असतो त्याला, आणि करायचं असतं चुलीपुढे जी उभी असते तिला.

हे दुखणं एकट्या आपलंच आहे असं समजू नका. अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांसाठी 'मेडिकेअर' नावाची सरकारी विमा योजना आहे. २००९ मध्ये तिथल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात या रुग्णांचा अभ्यास छापून आला. दवाखान्यातून सुटलेल्या दर पाच रुग्णांपैकी जवळजवळ एक जण तीस दिवसांच्या आत परत दाखल झाला होता. घरी सुटून महिनाभरात परत दाखल झालेल्यांमधल्या निम्म्या लोकांनी मधल्या काळात कुठल्याच डॉक्टरला दाखवल्याची नोंद नव्हती. इतका श्रीमंत देश, दारात गाडी, घरात फोन, तरी ही अवस्था! मग तिथल्या सरकारने ऑक्टोबर २०१२ पासून, ज्या रुग्णालयांत जास्त रुग्ण परत येतात त्यांचे पैसे कापायला सुरुवात केली. त्यावर ओरड झाली की गरीब रुग्णांना सांभाळणाऱ्या रुग्णालयांनाच दंड जास्त बसतो. ते खरंही होतं. ज्याच्या घरी शिजवून घालायला कुणी नाही, तो परत येणारच. २०१६ च्या कायद्याने मग ते गणित थोडं सुधारलं.

आपल्याकडे असा दंड लावावा असं मी म्हणणार नाही. आधीच सरकारी दवाखान्यात माणसं कमी, त्यात दंड लावला तर पहिला उपाय काय निघेल? परत आलेल्या रुग्णाला दारातूनच दुसरीकडे पाठवायचा. पण निदान मोजा तरी! आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या दवाखान्यातून सुटलेले किती रुग्ण महिन्याभरात परत आले, हा आकडा तुम्ही आपल्या वर्तमानपत्रात कधी वाचला आहे? मी तरी नाही. शस्त्रक्रिया किती झाल्या, रुग्ण किती तपासले, शिबिरात चष्मे किती वाटले, हे मात्र फोटोसकट येतं.

एक गोष्ट आधीच कबूल करते. परत येणारा प्रत्येक रुग्ण कुणाच्या तरी चुकीने येतो असं नाही. डायलिसिसवाल्याला यावंच लागतं, कॅन्सरच्या रुग्णाला ठरलेल्या तारखेला बोलावलेलंच असतं. काही दुखणी अशी असतात की कितीही करा, ती उलटतात. डॉक्टरांना देव समजायचं आणि उलटलं की दगड मारायचे, ही आपली रीत मला मुळीच मान्य नाही. मी बोलतेय ते टाळता आलं असतं अशा परतीबद्दल.

त्यातलं पहिलं कारण म्हणजे तो सुट्टीचा कागद. डिस्चार्ज कार्ड. सगळं इंग्रजीत. मी बी.ए. झालेली, पण पहिल्यांदा असं कार्ड हातात घेतलं तेव्हा मलाही घाम फुटला होता. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. हे एकदा पाठ केलं की सोपं आहे, पण पाठ करून देतो कोण? एका बाबांनी मला फार गंभीरपणे विचारलं होतं, "ताई, डॉक्टरांनी विडी लिहून दिलीय, ती बंद करायला सांगत होते ना?" हसू आलं, पण नंतर वाईटही वाटलं. गरजेपुरती म्हणून दिलेली दुखण्याची गोळी लोक महिना महिना रोज घेतात आणि रोज घ्यायची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडतात.

दुसरं, जुन्या गोळ्यांचं काय करायचं हे कार्डावर बहुतेक वेळा नसतंच. आपल्या घरात औषधांचा एक डबा असतो. श्रीखंडाचा नाहीतर बिस्किटांचा. त्यात आधीच्या डॉक्टरांच्या बीपीच्या गोळ्या असतात. दवाखान्यातून नव्या येतात. पाकिटाचं नाव वेगळं, रंग वेगळा, आतलं औषध मात्र तेच. सून दोन्ही देते, कारण दोन्ही डॉक्टरांनीच दिलेल्या. मग बीपी एकदम उतरतं, म्हातारं माणूस पहाटे उठताना चक्कर येऊन पडतं आणि छातीच्या दुखण्यातून सुटलेली बाई मांडीचं हाड मोडून परत जाते. म्हणून घरातला तो डबा अख्खा पिशवीत घालून दवाखान्यात न्यायचा आणि सुट्टीच्या दिवशी सिस्टरपुढे ओतायचा. यातल्या चालू कुठल्या, बंद कुठल्या? बंद झालेल्या तिथेच कचऱ्यात.

इन्सुलिनचं तर मला सगळ्यात भय वाटतं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, ४० च्या आणि १०० च्या. सिरिंजही दोन. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची, १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट जातं. रुग्ण शुद्ध हरपूनच दवाखान्यात पोहोचायचा. उलट झालं तर औषध कमी पडतं आणि शुगर चढत राहते. मेडिकलवाल्याने एक सिरिंज संपली म्हणून दुसरी दिली, एवढंच निमित्त पुरतं. आणि दुसरं निमित्त आपले उपास. एकादशीला अन्नाचा कण नाही, पण इन्सुलिन किंवा शुगरची गोळी मात्र नेमाने घेतलेली. मग दुपारी घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणं बरळल्यासारखं होतं. घरच्यांना वाटतं अशक्तपणा आला असेल, झोपू द्या. झोपू देऊ नका बायांनो! गिळता येत असेल तर साखर-पाणी पाजा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

पथ्याच्या बाबतीत आपण बायका जरा जास्तच शहाण्या असतो, हेही बोलायला हवं. ऑपरेशन झालं की भात नको, डाळ नको, आंबट नको, टाके पिकतील. असं आपल्या आज्या सांगत आल्या. डाळ-भाताने टाके पिकत नाहीत. उलट जखम भरून यायला डाळ, दूध, अंडी, उसळ हेच लागतं. पंधरा दिवस नुसत्या भाकरी-चहावर ठेवलेल्या बाईची जखम भरायची कशी? वर टाक्यांवर हळद आणि खोबरेल तेल. मग पू होतो आणि 'बघ, मी सांगत होते, डाळ खाल्लीस ना' असं म्हणायला आपण मोकळ्या.

आता बाळंतिणीकडे येते, कारण दवाखान्यातून सुट्टी घेऊन घरी येणाऱ्यांत आपल्या लेकीसुनाच जास्त. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली आणि चारातली एक सिझेरियन, म्हणजे २५.४ टक्के. एका पिढीपूर्वी घरी सुईणीच्या हातून बाळंत होणाऱ्या बायका आठवा. केवढी मोठी मजल आहे ही! जून २०११ पासून केंद्राच्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत झालं. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवणही त्यात धरलेलं आहे. पण दवाखान्यात तेवढे दिवस राहतंय कोण? घरी मोठं पोर रडतंय, दावणीला जनावर आहे, सोबतीला आलेली सासू वॉर्डात जमिनीवर चटई टाकून झोपलेली, न्हाणीघराला कडी नाही. दुसऱ्या दिवशीच 'सोडा आम्हाला' सुरू होतं. दवाखान्यालाही खाट हवी असते. आणि बाळाची कावीळ वाढते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. आईला दूध भरपूर उतरतं तेही साधारण तिसऱ्या दिवशी. म्हणजे ज्या दिवसांत जाणत्या माणसाची नजर हवी, नेमक्या त्याच दिवसांत बाळ मध आणि घुटी चाटत आडगावी असतं.

यावर उपाय कुणी परदेशातून आणायला नको, तो आपल्याच गडचिरोलीतून निघाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं तपासायला लावली. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले आणि हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. त्याच वाटेने २०११ मध्ये देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने घरी येऊन बाळ-बाळंतीण पाहायची. योजना उत्तम. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी! पोरीचं नाव सासरच्या आशाच्या वहीत, बाळंतपण तालुक्याला आणि बाळंतीण माहेरच्या गावात. सासरची आशा म्हणते ती इथे नाही, माहेरची म्हणते माझ्या यादीत नाही. दोघींचंही खरंच असतं. लेकीला माहेरी आणलंत की त्याच आठवड्यात आपल्या आशाताईकडे जाऊन नाव सांगून या, एवढं तरी आपल्या हातात आहे. आणि बाळ ओढून पीत नसेल, अंगाला गार लागत असेल, श्वास घेताना छाती आत जात असेल, किंवा तळवे पिवळे दिसत असतील, तर दृष्ट काढत बसू नका. बाळंतिणीला ताप आला, अंगावरून जाणं वाढलं किंवा त्याला वास येऊ लागला, तरी तसंच. मामंजींना विचारून, गाडी मिळेल तेव्हा, असं नाही. लगेच निघा.

आणि बाळंतीण नसलेली, पण आजारी पडलेली घरातली बाई? तिचं काय होतं? पुरुषाला सुट्टी मिळाली की तो महिनाभर पलंगावर, आणि ते बरोबरच आहे. बाईला सुट्टी मिळाली की दुसऱ्या दिवशी ती कणीक मळताना दिसते. माझ्या ओळखीतल्या एकीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. कार्डावर लिहिलेलं होतं, सहा आठवडे जड उचलू नये. नवऱ्याने ते वाचलंही होतं. पण नळाला पाणी तिसऱ्या दिवशी येतं आणि तेही पहाटे चारला. हंडा हे जड वजन आहे, असं आपल्याकडे कुणाला वाटतच नाही! बाराव्या दिवशी टाके उसवले. तिला भेटायला गेले तर मलाच म्हणते, "ताई, चूक माझीच. मीच घाई केली."

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ऑपरेशनं खरंच गरजेची होती का, यावर खूप चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण मला दुसरंच काहीतरी टोचत राहिलं. या बायका ऑपरेशननंतर विसावा कुठे घेणार होत्या? मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस कोयता खाली ठेवला तरी खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पोटावर टाके घेऊन बाई मोळ्या उचलते. तिच्या डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात 'विश्रांती' असं लिहिलं असतं तरी काय फरक पडणार होता?

म्हणूनच मी म्हणते की हा प्रश्न नुसत्या औषधांचा नाही, पैशांचाही आहे. सरकारी विमा योजनेचंच घ्या. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव मिळालेली ही जन आरोग्य योजना खूप घरांना कर्जातून वाचवून गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२३ मध्ये ती राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना लागू करायचं आणि दीड लाखांचं संरक्षण पाच लाखांपर्यंत न्यायचं सरकारने ठरवलं. आनंदच आहे. पण योजना धावते ती दाखल झालेल्या रुग्णाच्या मागे. स्टेंट मोफत पडतो, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं ज्या गोळ्या घ्यायच्या त्या मात्र खिशातून. ऑपरेशनला लाखभर देणारं सरकार, आणि महिन्याच्या गोळ्यांसाठी गळ्यातले मणी गहाण ठेवणारी बाई, असं हे चित्र. पंधरा दिवसांच्या लिहिलेल्या गोळ्या पाच दिवसांच्याच घेतल्या जातात, बाकी 'पगार झाल्यावर'. हृदयात स्टेंट असलेल्याने रक्त पातळ करायची गोळी अशी मध्येच सोडली तर नळी पुन्हा बंद पडू शकते. मग पुन्हा दाखल, पुन्हा योजना, पुन्हा लाखभर. हा हिशोब चौथीतल्या पोरालाही चुकीचा आहे हे कळेल.

केंद्राच्या २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत सुट्टीनंतरच्या पंधरा दिवसांचा औषधांसकट खर्च धरलेला आहे. राज्याच्या योजनेतही फेरतपासणीची तरतूद आहे. पण हे बहुतेक बायकांना ठाऊकच नसतं. योजनेच्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. सुट्टीच्या दिवशी त्याला थेट विचारायचं, पुढच्या किती दिवसांची तपासणी आणि कुठली औषधं आमच्या पॅकेजात बसतात? लाजायचं नाही. आणि खासगी मेडिक्लेम काढलेला असेल तर त्यातही बहुधा सुट्टीनंतरच्या साठ दिवसांचा खर्च मिळतो. बिलं फेकू नका.

मला विचाराल तर सगळ्यात स्वस्त उपाय वॉर्डातच आहे. घरी जी सांभाळणार तिलाच वॉर्डात उभं करून शिकवायचं. बेंगळुरूच्या नारायणा रुग्णालयात 'नूरा हेल्थ' या संस्थेने हेच सुरू केलं. हृदयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांना एकत्र बसवून जखम कशी धुवायची, गोळ्या कशा द्यायच्या, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे त्यांच्या भाषेत शिकवायचं. पुढे ते इतर राज्यांतल्या सरकारी दवाखान्यांतही गेलं. यात कुठलं मशीन लागत नाही. एक खोली, एक सिस्टर आणि अर्धा तास. तो अर्धा तास मात्र कुणीतरी सिस्टरला द्यायला हवा. साठ खाटांना दोन सिस्टर ठेवायच्या आणि वर समुपदेशन करा म्हणायचं, हे काही खरं नाही.

आमच्या बचत गटातल्या पाच-सहा जणींनी त्या आजींच्या प्रकरणानंतर एवढंच सुरू केलं, की ओळखीत कुणाला सुट्टी झाली की त्याच दिवशी त्या घरी जायचं आणि फाईल कपाटावरून खाली काढायची. कार्ड घेऊन गावातल्या डॉक्टरांकडून किंवा मेडिकलच्या दुकानातल्या फार्मासिस्टकडून समजून घ्यायचं आणि वहीच्या पानावर मराठीत उतरवायचं. वाचता येत नसेल तिथे गोळ्यांच्या पाकिटावर सकाळीला सूर्य आणि रात्रीला चंद्र काढायचा. पुन्हा दाखवायला जायची तारीख दिनदर्शिकेवर, आणि वार तपासून. कारण मोठ्या सरकारी दवाखान्यात प्रत्येक डॉक्टरचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. सोमवारऐवजी मंगळवारी गेलात तर चाळीस किलोमीटरची फेरी वाया. नियमाप्रमाणे दवाखान्याने मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाचे कागद द्यायला हवेत, हेही आम्हाला या निमित्ताने कळलं. दोन घरांत आम्हाला 'तुम्ही कोण सांगणाऱ्या' असंही ऐकून घ्यावं लागलं. असो.

आजींच्या घरी आता मीठ वेगळं शिजतं. दुसऱ्यांदा सुट्टी झाली तेव्हा सून स्वतः दवाखान्यात गेली होती आणि सिस्टरच्या पुढ्यात वही घेऊन बसली. लघवीची गोळी रात्रीची नाही, सकाळची आहे, हे तिला तेव्हा कळलं. पलंगाजवळ लाकडी खुर्चीला भोक पाडून कमोड केला, सुताराने दीडशे रुपये घेतले. आणि डॉक्टरांनी सांगितलंय, रोज वजन करायचं; दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर पाणी धरतंय समजायचं आणि धाप लागायची वाट न बघता यायचं. घरात काटा कुठला? शेजारीच पिठाची गिरणी आहे. सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आधी आजी दळणाच्या काट्यावर उभ्या राहतात आणि गिरणीवाला भिंतीवर खडूने आकडा लिहितो.

संक्रांतीच्या सुमाराला तो आकडा तीन दिवसांत दोनने वाढला. चौथ्या दिवशी सकाळी दोघी ओपीडीला गेल्या, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि संध्याकाळच्या एसटीने परत आल्या. सुनेचं अर्धं तिकीट, आजींचं फुकट.